मदत हवी आहे: बाथरूमची गळती, सगळ्या टाइल्स न फोडता थांबेल का?

खालच्या फ्लॅटच्या छताला आमच्या नहाणी ट्रॅपभोवती (जमिनीवरच्या जाळीखालचं, सांडपाणी पाइपात सोडणारं भांडं) ओल येतेय. बाथरूम न वापरता नुसती लाइन चालू ठेवली तर ओल वाढत नाही, म्हणजे प्रेशरचा (नळांना पाणी आणणारा) पाइप ठीक असावा. ट्रॅपला बूच मारून जमिनीवर २४ तास इंचभर पाणी तुंबवलं, तेव्हा मात्र थेंब सुरू झाले. जाळीच्या कडेचं व्हाइट सिमेंट नखानेही सुटतंय.

टाइल्समधले सांधे ३ मिमी खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं रेझिनचं मिश्रण) भरावं म्हणतोय. पण ओल्या सांध्यात इपॉक्सी धरत नाही, आणि टाइलखाली कोब्यात (सिमेंटच्या थरात) पाणी असणारच. ते किती दिवस सुकू द्यावं? की ट्रॅपभोवतीच्या चारच टाइल्स काढून तिथे नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणारं) ग्राउट आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत? जुन्या-नव्याचा जोड टिकतो का? "सगळं फोडा" हे कंत्राटदाराने सांगितलंच आहे, ते सोडून बोला.