१९७२ च्या फियाटला पत्र्याऐवजी फायबर चालेल का?

दांडियाबाजारकर:
वडिलांची फियाट ११०० ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या पुराच्या पाण्यात अडकली होती. आता पुढची मडगार्डे, डिकीचे झाकण आणि दारांखालचे सिल यांची गंजाने चाळण झाली आहे. मूळ पत्रे मिळत नसल्याने हे भाग मकरपुऱ्यात फायबरचे किंवा ॲल्युमिनियमचे करून घ्यावेत काय?

पत्रापारखी:
तिन्ही भागांना एकच उत्तर देता येणार नाही. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसून बॉडीच भार वाहते. सिल हा त्या भाराचा भाग आहे, म्हणून तो सुमारे ०.९ मिमी जाडीच्या पोलादी पत्र्याचाच करावा. शिवाय तो कापण्यापूर्वी बॉडीला खालून आधार द्यावा आणि दारे जागेवरच ठेवावीत, कारण बॉडी थोडीशी जरी झुकली तरी पुढे दारे नीट लागत नाहीत.

डिकीचे झाकण बिजागरीवर असते, तेथे फायबरला माझी हरकत नाही. मात्र साचा घेण्यापूर्वी जुने झाकण लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करून घ्यावे, कारण त्यातला प्रत्येक खळगा साच्यात उतरतो. फायबरचा भाग काचतंतूंच्या चटईवर पॉलिएस्टर रेझिन चढवून करतात आणि ते रेझिन घट्ट होताना आकसते. ते पुरते मुरण्याआधी रंग मारला तर काही काळाने काचतंतूंच्या चटईचा पोत रंगातून दिसू लागतो, आणि कारागिराला नेमकी तीच घाई असते. बिजागरी व कुलपाच्या जागी आत लोखंडी पट्ट्या बसवाव्यात. मडगार्डे फायबरची केल्यास हेडलाइटला अर्थिंगची वेगळी वायर ओढावी लागेल, कारण फायबरमधून वीज वाहत नाही.

जुनीचाके:
ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५, पण त्याचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश असल्याने पत्रा सुमारे १.४ पट जाड घ्यावा लागतो आणि वजन निम्म्याच्या आसपास येते. पावसाळ्याच्या ओलाव्यात पोलादाला टेकलेले ॲल्युमिनियम स्वतःच झिजते. त्यामुळे मध्ये इपॉक्सी प्रायमर आणि नायलॉनचे वॉशर हवेतच. दैनंदिन वापराच्या फियाटसाठी हा खटाटोप मला अनाठायी वाटतो.

कोठीरोड:
एक मुद्दा राहिला. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेता येतो, परंतु चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. तो क्रमांक घेण्याचा विचार असेल, तर साच्याचे काम देण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि जुनी मडगार्डे भंगारात देऊ नयेत.