यिर्मया ३१:३१-३४ : ‘नवा करार’ नेमका कोणत्या अर्थाने नवा?

प्रश्न :
बायबलच्या जुन्या करारातील यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात परमेश्वर इस्राएल आणि यहूदा या दोन्ही घराण्यांशी नवा करार करण्याचे आणि आपले नियमशास्त्र त्यांच्या हृत्पटलावर लिहिण्याचे अभिवचन देतो. ख्रिस्ती मंडळी हे अभिवचन येशूमध्ये पूर्ण झाले असे मानते. यहुदी परंपरा तसे मानत नाही. उतारा एकच असताना वाट कोठे फुटते?

प्रतिसाद १ :
‘नवा’ या विशेषणापाशी. मूळ हिब्रू पाठात ‘तोराती’, म्हणजे ‘माझी तोरा (नियमशास्त्र)’, असे शब्द आहेत. तोरा तीच, लिहिण्याची जागा तेवढी दगडी पाट्यांऐवजी अंतःकरण. मध्ययुगीन भाष्यकार दावीद किम्ही यांच्या मते नवेपणा इतकाच, की सीनाय पर्वतावर मोशेमार्फत झालेला करार लोकांनी मोडला, तसा हा मोडला जाणार नाही. शिवाय ३४व्या वचनानुसार ‘परमेश्वराला ओळखा’ असे कोणी शेजाऱ्याला शिकवणार नाही. ती शिकवण अजून चालूच आहे, म्हणून अभिवचन पुरे व्हायचे आहे, हा यहुदी युक्तिवाद मला सहजी बाजूला सारण्याजोगा वाटत नाही.

प्रतिसाद २ :
यात भाषांतराचाही हात आहे. ३२व्या वचनात हिब्रू पाठ ‘मी त्यांचा पती असताही’ अशा अर्थाचा आहे. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात त्याचे ‘मी त्यांची पर्वा केली नाही’ असे झाले, आणि नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या ८व्या अध्यायात तोच ग्रीक पाठ उद्धृत केलेला आहे. त्या भाषांतरात कराराला वापरलेल्या ‘दियाथेके’ या शब्दाचा मृत्युपत्र असाही अर्थ होतो, आणि मृत्युपत्र ते करणाऱ्याच्या मरणानंतरच अमलात येते, या आधारावर ९व्या अध्यायात ख्रिस्ताच्या मरणाची आवश्यकता मांडली आहे. करारासाठीच्या ‘बेरीत’ या मूळ हिब्रू शब्दावर हा युक्तिवाद उभा राहत नाही. ३४व्या वचनाबाबत अनेक ख्रिस्ती भाष्यकार आरंभ झाला, पूर्णता शेवटी, असे उत्तर देतात.

प्रश्नकर्ता :
मग ३५ ते ३७ या वचनांचे काय? सूर्य-चंद्राचे नियम टळतील तरच इस्राएल राष्ट्र म्हणून नाहीसे होईल, असे तेथे म्हटले आहे.

प्रतिसाद २ :
मंडळीने इस्राएलाची जागा घेतली, या जुन्या मताला ही वचने अडचणीची ठरतात, हे खरे. रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात प्रेषित पौल विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना इस्राएलरूपी जैतुनाच्या झाडावर कलम केलेल्या रानटी फांद्या म्हणतो आणि मूळ तुला उचलून धरते, तू मुळाला नव्हे, असे बजावतो. कॅथलिक चर्चच्या १९६५ च्या, इतर धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने यहुद्यांविषयी बोलताना याच अध्यायाचा आधार घेतला.