मदत हवी आहे : ट्रॉम्सो ते लाँगइअरब्येन, विमानाचे अंतर आणि वेळ

नमस्कार. एप्रिलमध्ये आईवडील पुण्याहून आमच्याकडे ऑस्लोला येणार असून, त्यांना उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सोमार्गे स्वालबार्ड बेटांवरील लाँगइअरब्येनला नेण्याचा विचार आहे. वडिलांची सारी नोकरी एस.टी.च्या वेळापत्रकांत गेल्यामुळे अंतर आणि वेळ यांचा मेळ बसल्याशिवाय ते तिकिटाला होकार देत नाहीत, आणि इथेच घोडे अडले आहे.

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी लावली, तर हे अंतर मुंबई–दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट भरते. संकेतस्थळांवर मात्र ते सुमारे ९६० किलोमीटर, म्हणजे मुंबई–दिल्लीहूनही कमी दिसते. शिवाय ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर सव्वा तास पुरायला हवा, पण वेळापत्रकात साधारण १ तास ४० मिनिटे आहेत. यातले खरे काय मानावे? आईचे गुडघे दुखतात, म्हणून ऑस्लोहून थेट त्याच विमानाने गेल्यास ट्रॉम्सोला उतरावे लागते का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
वडिलांची पट्टी चुकलेली नाही, नकाशा फसवा आहे. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवाकडे जावे तसा प्रदेश ताणला जातो. पट्टीऐवजी अक्षांश घ्या : ट्रॉम्सो सुमारे ६९.७ अंश उत्तर, लाँगइअरब्येन ७८.२ अंश, आणि दोन्ही जवळपास एकाच रेखांशाच्या पट्ट्यात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्याने साडेआठ अंशांना गुणले की सुमारे ९४४ येतात. रेखांशातील किंचित फरक धरला की आकडा ९६० च्या जवळ जातो.

प्रतिसाद २ :
वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी, चढण आणि उतरण यांत ती जादा पंचवीस मिनिटे जातात, एस.टी.वाल्यांना हे समजावून सांगायला नको! दोन्हीकडे घड्याळ एकच आहे, त्यामुळे वजाबाकी सरळ करा. हवामान बिघडले तर जवळ दुसरा मोठा विमानतळ नसल्याने विमान मुख्य भूमीकडे परतू शकते, म्हणून परतीच्या दिवशी पुढचे तिकीट खेटून काढू नका.

ट्रॉम्सोला मात्र उतरावे लागते. स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर आपापसांत ये-जा करता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे, त्यामुळे पारपत्र तपासणी तिथे होते आणि आईंना थोडे चालावे लागेल. चाकाची खुर्ची आधीच नोंदवून ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आईवडिलांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर स्वालबार्डला गेल्यावर तो संपल्यात जमा होईल आणि ऑस्लोला परत येता येणार नाही. किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवा. अर्ज अजून केला नसेल, तर तिकिटाआधी तेवढे पाहा.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. अर्ज पुढच्या आठवड्यात करायचा होता, त्यात आता दोन प्रवेश मागतो. वडिलांनी अक्षांशांचा गुणाकार स्वतः करून पाहिला आणि होकार दिला आहे.