शब्दचर्चा: पेप्टाइडांचं ‘स्क्रीनिंग’ म्हणजे चाळणी की वेचणी?

प्रश्न
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी औषधशोधावर लेख लिहिते आहे. ‘मास स्पेक्ट्रोमेट्रीने पेप्टाइड लायब्ररीचं स्क्रीनिंग’ इथे अडले. (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, लायब्ररी म्हणजे अशा असंख्य साखळ्यांचं मिश्रण आणि मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणं.) कोश उघडून ‘वस्तुमान वर्णपटमितीद्वारे पेप्टाइड ग्रंथालयाची चाळणी’ असं लिहिलं, पण वाचून मलाच काही उमगेना. काय लिहावं?

प्रतिसाद
ताई, आधी ‘चाळणी’ काढा. चाळणीत दाणे आकारावरून वेगळे होतात. इथे सगळी पेप्टाइडं जवळपास एकाच लांबीची. कोण कुणाला बिलगतं एवढाच फरक. मी याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. ज्या प्रथिनावर औषध हवंय ते बारीक चुंबकी मण्यांवर बसवायचं आणि पेप्टाइडांचं सगळं मिश्रण त्याच नळीत ओतायचं. थोडा वेळ फिरवत ठेवून बाहेरून चुंबक लावला की मणी नळीच्या कडेला तपकिरी थर धरतात. वरचं पाणी काढायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं. धुऊनही जे सुटत नाही तेच कामाचं. ते सोडवून मास स्पेकमध्ये, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात, घालायचं. म्हणजे वेगळं करण्याचं काम मण्यांवरच्या प्रथिनाने केलं, यंत्र ओळख पटवतं. तुमच्या वाक्यात दोन्ही कामं यंत्राच्या नावावर गेली आहेत.

प्रतिसाद
मग ‘वेचणी’ म्हणा की! आमच्या यवतमाळकडे तांदूळ निवडतात आणि कापूस वेचतात. निवडताना खडे फेकून बाकी सगळं ठेवायचं. वेचताना हवं तेवढं घ्यायचं, उरलेलं तिथेच सोडायचं. कोटींतून मूठभर उचलायची तर ती वेचणीच.

प्रतिसाद (मण्यांवालाच)
अगदी नेमका शब्द दिलात. इंग्रजीतही आमच्या कामात दोन शब्द आहेत: रेणू सुटेसुटे तपासले तर स्क्रीनिंग, सगळे एकत्र टाकून बिलगणारे उचलले तर सिलेक्शन. हा भेद मराठीत पुसला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण सगळी मजल त्यावरच आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या संग्रहांचं स्क्रीनिंग साधारण 10 लाख रेणूंपर्यंत पोचायचं. एमआयटीतल्या गटाने 2020 साली वेचणी आणि मास स्पेक जोडून तो आकडा 10 कोटींवर नेला. कर्करोगाला अटकाव करणाऱ्या पी53 या प्रथिनाला एमडीएम2 नावाचं प्रथिन धरून निकामी करतं; त्या एमडीएम2ला बिलगणारी पेप्टाइडं त्यांनी अशीच वेचली.

प्रतिसाद
‘ग्रंथालय’ही नको. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक असतो. फाज डिस्प्लेमध्ये, म्हणजे विषाणूच्या अंगावर पेप्टाइड वागवण्याच्या पद्धतीत, निदान त्या विषाणूच्या पोटात डीएनएची चिठ्ठी तरी असते. या मिश्रणात कशावरच काही लिहिलेलं नाही. ‘संग्रह’ चालेल.

प्रश्नकर्ती
चिठ्ठी नाही तर ओळखतात कसं? आणि वर्णपटात ‘वर्ण’ कुठला? रंग तर कुठेच नाही.

प्रतिसाद (मण्यांवाला)
मोडून ओळखतात. यंत्रात पेप्टाइडाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या वस्तुमानाची रेघ पडद्यावर उमटते. लागोपाठच्या दोन तुकड्यांत 57चा फरक दिसला तर मध्ये ग्लायसीन, 71 तर ॲलनीन, 87 तर सेरीन. असं करत साखळी लावत जायची. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन मात्र दोन्ही 113.084, वस्तुमानावरून सांगताच येत नाहीत. म्हणून एमआयटीच्या गटाने संग्रह बनवतानाच आयसोल्यूसीन वगळलं.

आता ‘वर्ण’. रंग नाही हे खरं, पण वर्ण म्हणजे अक्षरही. अमिनो आम्लांना आम्ही जी, ए, एस अशी एकेक अक्षरं देतो आणि त्या पटावरून ती वाचतो. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हे नसेल, तरी मला तो या कामाला फार शोभतो. बोलताना मात्र आम्ही ‘मास स्पेक’च म्हणतो, तुम्हीही लेखात ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ ठेवा.

प्रश्नकर्ती
मग असं: ‘प्रथिनाला बिलगणारी पेप्टाइडं कोट्यवधींच्या संग्रहातून वेचतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखतात.’ ‘हिट’ला, म्हणजे अशा वेचून ओळखलेल्या पेप्टाइडाला, ‘विजेता’ म्हणू?

प्रतिसाद (मण्यांवाला)
वाक्य छान जमलं. ‘विजेता’ नको. काही पेप्टाइडं प्रथिनाला नाही, नुसत्या मण्याला चिकटून येतात. वाचलेली साखळी नव्याने बनवून तिची एकटीची पकड मोजेपर्यंत ती ‘उमेदवार’.