लाईनवर (लांब पल्ल्याच्या ट्रकवर) १३ दिवस, घरी दीड दिवस... कसं जमवता तुम्ही लोक?

कांदालाईन_निफाड
नमस्कार मंडळी. मी १२ टायरच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, गाडी मालकाची. पिंपळगाव बसवंतला कांदा भरायचा, दिल्ली आझादपूर मंडीत खाली करायचा आणि येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. कामाबद्दल तक्रार नाही, पैसा वेळेवर मिळतो. पण मागच्या खेपेला घरी गेलो तर साडेतीन वर्षांची पोरगी दाराआड जाऊन उभी राहिली, आईचा पदर धरून नुसती बघत होती, जवळ यायला संध्याकाळ झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला गाडी भरायला परत निघावं लागलं. बायको काही बोलली नाही पण मला कळतंय. सिन्नर एमआयडीसीत कंपनीच्या गाडीवर लोकलचं काम मिळतंय, रोज रात्री घरी, पण पगार आत्ताच्या कमाईच्या जवळपास अर्धा, आणि घराचे हप्ते चालू आहेत. लाईन सोडू का? ज्यांनी लाईन न सोडता घर सांभाळलंय त्यांनी खरं खरं सांगा.

जुना_स्टेअरिंग
भाऊ, सोडायच्या आधी एक काम कर. खिशातल्या डायरीत एका ट्रिपचा दिवसावार हिशोब मांड, गाडी किती दिवस चालली आणि किती दिवस उभी राहिली. मी २० वर्षं हेच केलं, पण हिशोब मांडायला फार उशीर केला. घरचे दिवस खाते ती उभी गाडी, रस्ता नाही. हिशोब टाक इथे, मग बोलू.

कांदालाईन_निफाड
दादा, मागची ट्रिप आठवून लिहितो. जाताना धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करून ३ दिवस. मंडीत नंबर लागून खाली व्हायला १ दिवस. रिटर्न भाड्याची वाट बघत ४ दिवस, गाडीतच झोपून. येताना ३ दिवस. माल भिवंडीच्या गोडाऊनचा होता, तिथे खाली करायला २ दिवस, कारण गोडाऊनवाले म्हणाले आज जागा नाही. म्हणजे चालली ६ आणि उभी ७. खरंच असं कधी मोजलं नव्हतं.
आणि एक गोष्ट सांगतो जी कोणाला सांगितली नाही. भिवंडीला जाताना गाडी आमच्याच तालुक्यातून जाते. राहुड घाट मागे पडला, चांदवड गेलं की पिंपळगावचा टोलनाका, आणि तिथून आमचं घर ५ किमी. रात्री २ वाजता मी तिथून निघून जातो कारण माल भरलेला असतो. त्या टोलवर दर वेळी काच खाली करतो, का ते माहीत नाही.

जुना_स्टेअरिंग
मग तुझं उत्तर त्या टोलनाक्यावरच आहे बघ. पिंपळगावला गाडी बदली ड्रायव्हरच्या हातात दे. तो भिवंडीला नेईल, खाली करेल, गाडी परत आणेल. तुझे तिथले सगळे दिवस घरचे झाले, कमाईतून फक्त त्या टप्प्याचा भत्ता गेला. आम्ही गावातल्या तिघांनी दोन गाड्यांवर असंच आलटून पालटून केलं, एक जण कायम घरी. दुसरं, दिल्लीत ४ दिवस पडून राहू नको. २ दिवसांत सरळ नाशिकचं भाडं नाही मिळालं तर इंदूर किंवा पिथमपूरपर्यंतचं घे, तिथून नाशिककडे माल मिळायला सोपं जातं. भाडं थोडं कमी बसेल पण गाडी चालती राहते.

चार_गाड्या
मी मालकाच्या बाजूने लिहितो. रिकामी गाडी दिल्लीहून आणायची म्हणजे बाराशे-तेराशे किमीचं डिझेल, अडीचशे-तीनशे लिटर अंगावर पडतं, म्हणून मालक रिटर्न भाड्याला चिकटतो. पण बदली ड्रायव्हरला मी हो म्हणेन, कारण झोप झालेला ड्रायव्हर हवाच. फक्त बदलीवाल्याच्या लायसनची कॉपी मालकाकडे आधी द्या, हेवी ट्रान्सपोर्टचं चालू लायसन नसेल आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले क्लेम अडवतात. टोलवर गाडी देताना डिझेल किती, टायर कसे, कागद कुठले, फोटो काढून ग्रुपवर टाका, नंतर कटकट नको. आणि हे पण माहीत असू द्या, १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि आठवड्याची सुट्टी लिहिलेली होती, ५ किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला तो लागू होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली. प्रत्यक्षात लाईनवर कोण पाळतं ते तुम्ही बघताच, मला हे चुकीचंच वाटतं.

ड्रायव्हरची_घरवाली
दादा, मी घरच्या बाजूने सांगते. आमचे हे आले की मी त्याच दिवशी सगळी कामं काढायचे, बँक, दवाखाना, सासूबाईंचा चष्मा, आणि ते बिचारे डोळे उघडे ठेवायला धडपडायचे. मग आम्ही ठरवलं, पहिले ८ तास फक्त झोप, कोणी उठवायचं नाही. भांडण पण नाही. पोरीला आल्या आल्या उचलू नका. खाली बसा, तिच्या खेळण्याशी तुम्हीच खेळत बसा, तिला यायचं तेव्हा येते. आमचा मुलगा दुसऱ्या दिवशी पाठीवरच चढला होता. आणि फोन रोज एकाच वेळेला करा, ढाब्यावर गाडी उभी करून, चालवताना नाही. ती त्या वेळेची वाट बघायला लागली की तुम्ही दूर असून पण घरात असता. वहिनींना एकदा तोंडाने विचारा त्यांना काय वाटतं, तुम्हाला कळतंय म्हणून सोडून देऊ नका.

कांदालाईन_निफाड
ताई, काल रात्री विचारलं. ती म्हणाली पैसे कमी आले तरी भागवू, पण पोरीचा वाढदिवस आणि भाऊबीज, हे दोन दिवस तरी पक्के सांगा. मालकाशी पण बोललो, एका ट्रिपला बदली देऊन बघू म्हणाला, फक्त बदलीचा पोरगा त्याला ओळखीचा लागतो. आमच्याच गावातला एक जण जेएनपीटीच्या (न्हावाशेवा बंदराच्या) ट्रेलरवरून सुटलाय, त्याचं लायसन उद्या नेऊन दाखवतो. सिन्नरवाल्यांना ८ दिवस थांबा म्हणून सांगितलंय. परवा गाडी भरतेय.

जुना_स्टेअरिंग
येताना गुणा-शिवपुरी साईडला रात्रीची घाई करू नको, जनावरं रस्त्यावर असतात. पिंपळगावला पोचायच्या २ तास आधी बदलीवाल्याला फोन कर, म्हणजे टोलवर ताटकळणार नाहीस.