अण्णांकडे तुमचं काय बाकी आहे?

अण्णाकाकांना जाऊन परवा महिना झाला. दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर जो तो त्यांचा किस्सा सांगत होता आणि तोंडाला रुमाल लावून हसत होता. गुरुजींनी दोनदा मान वर करून पाहिलं. घरी येईपर्यंत त्यातले निम्मे किस्से विरले, म्हणून हा धागा.

अण्णा एसटीत कंडक्टर. 1971 ला लागले, 2006 ला 58 पूर्ण झाल्यावर सुटले. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, 'उतरताना घ्या' म्हणतो. अण्णांनी ती सवय घरीही आणली. काही कबूल केलं की कागदाचा चिटोरा फाडायचा, त्यावर '1 सिनेमा बाकी' असं लिहायचं आणि खाली झोकात सही. तुमच्याकडे असेल ती चिठ्ठी काढा आणि लिहा. अट एकच, 'दिलखुलास व्यक्तिमत्त्व' हे शब्द कुणी वापरायचे नाहीत.

माझ्या चिठ्ठीवर '1 थप्पड बाकी' असं आहे. सातवीत असताना मी त्यांच्या चामडी पिशवीतून 2 रुपये काढले होते. रात्री ते तीनतीनदा चिल्लर मोजत बसले, कारण कमी पडले की खिशातून भरायचे. जेवताना काही न बोलता त्यांनी चिठ्ठी माझ्या ताटाशी सरकवली. थप्पड काही बसली नाही. नोकरी लागली तेव्हा पेढे आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन गेलो. म्हटलं, आता देऊनच टाका. चष्मा लावून त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "सुटी नाही रे माझ्याकडे. उतरताना घे."
— पुतण्या

मला लिहिता येत नाय ह्यात, नात लिहितीय. बामणोलीच्या मुक्कामी गाडीवर मी ड्रायव्हर, अण्णा कंडक्टर. तिकडचा पाऊस म्हंजे काय सांगू. एकदा टप गळायला लागला. एक पाव्हणं लई तापलं, "अहो कंडक्टर, पाणी अंगावर पडतंय!" अण्णा म्हणलं, "तिकिटात आंघोळ धरलेली नाही, तुम्ही फुकट घेताय. बोलू नका मोठ्यानं, बाकीचे मागतील." अख्खी गाडी हसली, पाव्हणं बी हसलं. मग अण्णांनी त्यास्नी आपल्या सीटवर बसवलं आणि आपण मेढ्यापास्नं बामणोलीपर्यंत उभं. रातच्याला गाडीतच झोपायचं. बघतो तर हा गडी बाकावर आडवा आणि अंगावर उघडलेली छत्री. माझ्याकडं बाकी काय नाय. उलट त्यांच्या तंबाखूची डबी माझ्याकडं हाय.
— गाडीवरला जोडीदार

लग्नानंतरची माझी पहिली पोळी. जाड, एका बाजूला कच्ची, आकार विचारू नका. सगळे शेजारच्या ताटात बघत गप्प बसलेले. अण्णा उठले, कपाटातून त्यांचा जुना पंच आणला आणि पोळीच्या कडेला टिक् करून भोक पाडलं. "चालेल. पुढच्या स्टॉपपर्यंत." मी रडायच्या बेतात होते, ते राहूनच गेलं. ती पोळी त्यांनी पूर्ण खाल्ली, हेही लिहायला हवं.
— सून

सगळं गोडगोड चाललंय म्हणून मी लिहिते. त्यांच्या विनोदाचा राग यायचा. निदान मला यायचा. दहावीला गणितात काठावर पास झाले, तर आल्या-गेल्याला सांगत सुटले, "सीट मिळाली, खिडकीची नाही मिळाली." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दप्तरात चिठ्ठी सापडली, '1 माफी बाकी'. तोंडाने त्यांनी ती कधी मागितली नाही. मीही चिठ्ठी कधी पुढे केली नाही. करायला हवी होती का, ते माहीत नाही.
— मुलगी

आमच्याकडे चिठ्ठी नाही, शिडी आहे. त्यांची. पत्रे शाकारायला आणली होती. आता परत कुणाला करू?
— शेजारी

शेवटच्या आठवड्यात सलाईनच्या नळीला सारखा हात लावायचे. सिस्टर ओरडल्या, "आजोबा, ओढू नका!" तर म्हणाले, "ओढत नाही. सिंगल बेल मारायची की डबल, एवढंच बघतोय." सिस्टरना कळलं नाही. मी समजावून सांगितलं, सिंगल म्हणजे थांबा, डबल म्हणजे चला. त्यानंतर त्या खोलीत आल्या की आधी दारावर एकदाच टकटक करायच्या.
— नात

(काकू बोलल्या तसं लिहून घेतलंय.)
माझी चिठ्ठी सगळ्यांत जुनी, 1974 ची. 'महाबळेश्वर बाकी.' हे रोज गाडी घेऊन वर जायचे आणि मला म्हणायचे, "काय बघायचंय तिथं, मी बघून आलोय की." शेवटी 2023 ला यांना 75 पूर्ण झाली आणि एसटी फुकट झाली. बायकांना निम्मं तिकीट त्याच वर्षी झालेलं. म्हणाले, "आता परवडतं, चल." माझं निम्मं, यांचं शून्य रुपयाचं. ते तिकीट खिडकीपाशी धरून किती वेळ बघत होते. "पस्तीस वर्षं तिकिटं फाडली, आणि माझी किंमत एवढी?" मग गाडीभर त्या पोरसवद्या कंडक्टरला शिकवत बसले. केळघरचा घाट मी एकटीनेच बघितला. वेण्णा लेकवर कणीस खाल्लं, त्याचे पैसे मी दिले.

परत आल्यावर चिठ्ठी फाडायला मागत होते. मी दिली नाही. म्हटलं, ऑगस्टात नेलंत, धुक्यात मला तुमचं तोंडसुद्धा दिसलं नाही. महाबळेश्वर अजून बाकी आहे.