एलिझाबेथच्या पार्लमेंटला लोकशाहीचं माहेरघर म्हणणं पुरे झालं

जुना_दप्तरी
इंग्लंडच्या पार्लमेंटचा विषय निघाला की राणी पहिली एलिझाबेथ, कॉमन्सचा (म्हणजे निवडून आलेल्यांच्या खालच्या सभागृहाचा) सदस्य पीटर वेंटवर्थ आणि 'भाषणस्वातंत्र्याची पहाट' ही आरती सुरू होते. मला काही ती पटत नाही. 45 वर्षांच्या कारकिर्दीत अधिवेशनं झाली 13, आणि सगळ्या बैठका एकत्र केल्या तरी तीन वर्षंही भरत नाहीत. बोलावणार राणी, उठवणार राणी. स्पीकरचं नाव दरबारातच ठरलेलं असायचं. सभागृहानं त्याला 'निवडायचं' आणि त्यानं 'छे छे, मी कसला लायक' म्हणून आढेवेढे घ्यायचे, एवढाच कार्यक्रम. आणि बोलावणं यायचं ते मुख्यतः पैशांसाठी, जवळपास दर अधिवेशनात करमंजुरीची मागणी ठरलेली.

वेंटवर्थचंच बघा. 8 फेब्रुवारी 1576 ला तो उठला आणि राणीचे निरोप व दरबारी अफवा यांनी सभागृहाची जीभ कशी आखडते हे बोलू लागला. बोलता बोलता राणीकडूनही मोठ्या चुका झाल्यात असं म्हणून गेला. त्याला मध्येच थांबवलं सभागृहानं, चौकशी समिती नेमली सभागृहानं, टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात धाडलं तेही सभागृहानंच. महिनाभरानं सोडलं मात्र राणीच्या कृपेनं! 1593 मध्ये तर राणीचा मोहोरदार मंत्री (लॉर्ड कीपर) पकरिंगनं राणीच्या वतीनं साफ सांगून टाकलं की तुमचं भाषणस्वातंत्र्य म्हणजे विधेयकाला हो किंवा नाही म्हणायची मुभा, मनाला येईल ते बोलायची नव्हे. पहाट कुठे दिसतेय ते दाखवा.

कर्जतकर
अहो दप्तरी, 1601 सोयीस्करपणे गाळलंत की. मीठ, व्हिनेगर, खळ, पत्ते, कशाकशाचे मक्ते (एकट्यानंच विकायचा हक्क) राणीनं मर्जीतल्या लोकांना वाटले होते आणि बाजारात भाव चढले होते. 20 नोव्हेंबरला लॉरेन्स हाइडनं या मक्त्यांविरुद्ध विधेयक मांडलं आणि सभागृह पेटलं. हेवर्ड टाउनशेंड नावाच्या तरुण सदस्यानं सगळं टिपून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. मक्त्यांची यादी वाचून झाल्यावर विल्यम हेकविल उठून विचारतो, "यात पाव नाही का?" लोक चमकले, पाव? तर हा म्हणतो, आत्ताच बंदोबस्त केला नाहीत तर पुढच्या पार्लमेंटपर्यंत तोही यादीत येईल. पत्त्यांचा विषय निघाला तेव्हा राणीच्या मर्जीतल्या वॉल्टर रॅलेचा चेहरा लाल झाला, हेही टाउनशेंडनं सोडलं नाहीये. राणीचा मंत्री रॉबर्ट सेसिल इतका वैतागला की ही पार्लमेंट आहे की व्याकरणाची शाळा, असं सुनावलं. आठवडाभरात राणीचा जाहीरनामा निघाला आणि बरेच मक्ते रद्द झाले. हुजऱ्यांच्या सभेला राणी अशी घाबरते का हो?

तिरकस
घाबरली? 30 नोव्हेंबरला शे-दीडशे सदस्यांना व्हाइटहॉलला बोलावून गोड गोड भाषण केलं, मंडळी सुरुवातीला गुडघ्यावर बसून ऐकत होती. हाइडचं विधेयक बासनात गेलं. मक्ते देण्याचा अधिकार राणीकडे शाबूत. वर सभागृहानं आयर्लंडच्या लढाईसाठी एका दमात चार वेळचा कर मंजूर केला. पत्त्यांचा मक्ता बेकायदा ठरवला तो 1603 मध्ये कोर्टानं, पार्लमेंटनं नव्हे.

मैना_८१
तुम्ही तिघंही शिरा ताणून केलेल्या भाषणांतच अडकलात. सभागृहाचा रोजचा दिवस कसा जायचा ते बघा, मग कोण कुणाचं हुजऱ्या ते ठरवा.

जागा म्हणजे वेस्टमिन्स्टरमधलं सेंट स्टीफन्स चॅपल. देवळातल्या गायकांसारखे समोरासमोर बाकांवर बसायचे, कारण बाकं मुळात त्यांचीच. सकाळी आठला सुरू, दुपारी अकरा-बाराला उठायचं. बसलेल्यानं टोपी ठेवायची, बोलणाऱ्यानं काढायची. छापील प्रती नाहीत, त्यामुळे क्लार्क विधेयक मोठ्यानं वाचून दाखवणार. एकदा कळावं म्हणून, दुसऱ्यांदा चर्चेसाठी, तिसऱ्यांदा मतासाठी. आपल्याकडे विधेयकाची तीन वाचनं होतात ती इथूनच आलेली. खरी झटापट दुपारी समित्यांत, वकिलांच्या मिडल टेंपलमध्ये नाहीतर स्टार चेंबर या दालनात. आणि विषय काय? कातडं, कापड, कुणाच्या तरी जमिनीची वाटणी. लंडनच्या कारागीर संघांची माणसं सदस्यांच्या मागे मागे फिरायची. खाजगी विधेयकामागे स्पीकरला 5 पौंड फी मिळायची, म्हणजे रांगेत कुणाचं आधी लावायचं याला भाव होता.

मतविभागणीत 'हो'वाल्यांनी उठून बाहेर जायचं, 'नाही'वाल्यांनी बसून राहायचं. उठलात तर जागा गेली! म्हणून आळशी माणूस आपोआप 'नाही'त. डिसेंबर 1601 मध्ये रविवारी चर्चला हजेरी लावण्याच्या विधेयकावर 105 विरुद्ध 106 झाले. हरलेले ओरडले, स्पीकरचं मत आमच्या बाजूनं धरा. स्पीकर क्रोक म्हणाला, या खुर्चीत बसल्यावर मला मत नाही. मग कुणीतरी तक्रार केली की बाहेर निघालेल्या एकाला बाही धरून मागे ओढला. त्यावर रॅले उठून म्हणतो काय, त्यात एवढं काय, मी स्वतः कितीदा तरी ओढलंय! प्रचंड गोंधळ. पण विधेयक पडलं ते पडलंच. एका मतानं हरलेलं मुकाट्यानं मान्य करणं, तेही सरदार आणि राणीचे कौन्सिलर (सल्लागार) समोर बसलेले असताना, ही मला वेंटवर्थच्या भाषणापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

चहाटळ
अवांतर: 14 मे 1606 च्या कामकाजात उंदरी रंगाचा एक अनोळखी कुत्रा सभागृहात आल्याची नोंद आहे. त्याचं मत कुठल्या बाजूला धरलं ते लिहिलेलं नाही.

जुना_दप्तरी
चहाटळ, तो बसून राहिला असेल तर 'नाही'त.

मैनाताई, प्रतिसाद झकास. पण तुमच्याच वर्णनातून माझा मुद्दा सिद्ध होतो. ही कामं कुणाची? कौंटीत (जिल्ह्यात) मत द्यायला वर्षाला 40 शिलिंगांची जमीन लागायची, तो कायदा 1430 चा. बरोंमध्ये (सदस्य पाठवणाऱ्या गावांमध्ये) तर ज्या उमरावाचं वजन त्याचा माणूस. ओल्ड सॅरममध्ये वस्ती उरली नव्हती तरी तिथून दोन सदस्य येत राहिले, थेट 1832 पर्यंत. बाही ओढणारा आणि ओढला जाणारा दोघंही एकाच पंगतीतले.

कर्जतकर
पंगत कुठलीही असो, पैशावर ते दरबाराशी भिडायचे. 1593 मध्ये फ्रान्सिस बेकन तिप्पट कराच्या हप्त्यांवर अडून बसला. म्हणाला, जमीनदारांना चांदीची भांडी आणि शेतकऱ्यांना पितळेची भांडी विकावी लागतील. राणीची मर्जी उडाली ती उडालीच. पुढच्याच वर्षी अ‍ॅटर्नी जनरलची जागा मिळाली एडवर्ड कोकला. माहीत असूनही बोलला ना?

तिरकस
बोलला, आणि नंतर माफीवजा पत्रं लिहीत बसला. शिवाय कर मंजूर झालाच. हप्त्यांचा काळ तेवढा वाढला. आणि तो कोक त्याच अधिवेशनात स्पीकर होता, म्हणजे बक्षीस कुणाला मिळालं बघा.

मैना_८१
हाच कोक 1621 मध्ये म्हातारपणी विरोधी बाकांवर बसून एलिझाबेथनंतरचा राजा पहिल्या जेम्सला घाम फोडत होता हेही सांगा की! त्या डिसेंबरात सभागृहानं आपल्या हक्कांचं निवेदन कामकाजाच्या वहीत लिहून ठेवलं. जेम्सनं वही मागवली आणि स्वतःच्या हातानं ते पान फाडलं. कोकची रवानगी टॉवरमध्ये. ज्या सभेला काडीची किंमत नाही तिच्या वहीचं पान फाडायला राजा स्वतः कशाला बसेल?

जुना_दप्तरी
तो जेम्सचा काळ, धागा एलिझाबेथचा आहे. पण आलातच तिकडे तर 1624 चा मक्तेदारीविरोधी कायदाही बघा. व्यक्तींना मक्ते देणं बंद, व्यापारी कंपन्यांना मात्र सूट. 31 डिसेंबर 1600 ला राणीनं सनद दिलेली ईस्ट इंडिया कंपनी त्याच सवलतीत सुखरूप राहिली आणि 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्यानं मुंबई तिच्या हातात आली. हेकविलनं पावाची काळजी केली, कंपनीच्या मिऱ्यांच्या मक्त्याची कुणी केली नाही.

कर्जतकर
केली होती. 1604 मध्ये एडविन सँडिसनं परदेशी व्यापार सगळ्यांना खुला करा म्हणून विधेयक आणलं होतं, कॉमन्सनं ते मंजूरही केलं. अडलं ते लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या वरच्या सभागृहात. आता लॉर्ड्सवर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूनं भांडेन.